मुलगी बारावीला आहे, सीईटीच्या क्लासला जाते. तिची प्रगती घरी कशी तपासावी?

नुसते एकूण मार्क बघून काही कळत नाही. पीसीएम गटात गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीला १. म्हणजे २०० पैकी निम्मे गुण एकट्या गणिताचे! म्हणून आकडे विषयवार लिहून ठेवा. आम्ही मुलाच्या वहीत चुकलेल्या प्रश्नापुढे खूण करायचो: आलंच नाही, घाईत चुकलं, वेळ पुरला नाही. चार टेस्टनंतर लक्षात आलं, इंटिग्रेशन त्याला येत होतं, वेळच कमी पडत होता. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे कोरे सोडलेले प्रश्नही मोजा. अकरावीचे धडेही अधूनमधून तपासा, बारावीच्या गडबडीत ते हमखास मागे पडतात. आणि क्लासमधला नंबर रोज विचारू नका हो, पोरं फार खचतात.