थांबायचे कधी, हे घरीच ठरवा

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे आणि गेली सहा वर्षे रोज कामावर मोटारसायकलनेच जाते. गाडी १५० सीसीची आहे. जाऊन-येऊन १४०० किलोमीटरचा, समुद्रकिनाऱ्यापर्यंतचा प्रवास करायचा, असा आम्हा तिघांचा बेत होता. बाकी दोघांनी ऐन वेळी माघार घेतली आणि आता एकटीनेच जावे, असे मला वाटू लागले आहे. रजा चार दिवसांची आहे. आजवर मी एका दिवसात ९० किलोमीटरपेक्षा जास्त गाडी चालवलेली नाही. नवरा म्हणतो, ‘तुझे तू ठरव’, आणि ते अशा सुरात म्हणतो की त्याचा होकार आहे की नकार, ते कळत नाही. आई फोनवर रडते. हा माझा हट्ट तर नाही ना? गाडीला एवढे झेपेल का? आणि मनातली भीती कशी घालवावी?

उत्तर : गाडीचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी घेते. १९७३ साली आन-फ्रान्स दोतव्हील या फ्रेंच महिलेने १२५ सीसीच्या कावासाकीवरून एकटीने जगप्रवास केला होता. तुमची गाडी त्याहून मोठी आहे, आणि सहा वर्षांच्या सोबतीमुळे तिचा आवाज जरा जरी बदलला तरी तो तुमच्या कानाला कळेल, ही त्याहून मोठी जमेची बाजू आहे. मात्र सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका. ते दहा दिवस आधी करून घ्या आणि त्यानंतर किमान दोनशे किलोमीटर गाडी चालवा, कारण काम करताना एखादा नट ढिला राहिला असेल किंवा एखादी केबल ताणली गेली असेल, तर ती चूक बहुधा पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्येच उघडी पडते. टायरच्या बाजूवर चार अंकांचा एक आकडा कोरलेला असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. नक्षी शाबूत दिसत असली, तरी रबर जुने होऊन कडक झालेले असू शकते, म्हणून हा आकडा अवश्य पाहा. सामान लादल्यावर मागच्या चाकात हवा किती असावी, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती सकाळी, टायर थंड असतानाच मोजावी.

आता हट्टाबद्दल. होय, हा हट्ट आहे, आणि एकेचाळिसाव्या वर्षी माणसाकडे असा एखादा हट्ट असावा, असे माझे मत आहे. माझा आक्षेप तुमच्या हिशेबाला आहे. जाता-येता दोन-दोन दिवस धरले, तर रोजचे साडेतीनशे किलोमीटर होतात. पेट्रोल, जेवण, पाठ मोकळी करणे आणि चुकलेले वळण हे सारे धरून ताशी चाळीसची सरासरी पडली, तरी चांगली म्हणायची. म्हणजे रोज जवळजवळ नऊ तास, तेही सलग चार दिवस, आणि समुद्राजवळ तुमच्या वाट्याला येणार एक संध्याकाळ. ज्या शरीराने आजवर ९० किलोमीटरच पाहिले आहेत, त्याच्याकडून एकदम एवढी अपेक्षा करणे रास्त नाही. एक तर रजा सात दिवसांची करून घ्या, नाहीतर या खेपेला समुद्र राहू द्या आणि अडीचशे किलोमीटरच्या आतले एखादे ठिकाण निवडा. मी तुमच्या जागी असते तर दुसरा पर्याय घेतला असता. समुद्र कुठे जात नाही.

हे मी अनुभवाने शिकले आहे. माझ्या पहिल्या लांबच्या प्रवासात मुक्कामाची खोली आधीच ठरवून पैसेही भरलेले होते, आणि सूर्य मावळला तेव्हा ती अजून सत्तर किलोमीटर दूर होती. वाटेत थांबण्यासारखी दोन बरी ठिकाणे लागली, पण भरलेले पैसे डोळ्यांसमोर होते. पुढे केव्हातरी माझ्या लक्षात आले की गेल्या काही मिनिटांतला रस्ताच मला आठवत नाही. ताशी ऐंशीच्या वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत साधारण ६७ मीटर पुढे जाते, आणि डुलकी लागायला तीन सेकंद पुरतात. त्या रात्री मी सुखरूप पोचले, त्याचे श्रेय मला घेता येत नाही.

बरोबर कोणी असले की कोणीतरी म्हणते, ‘आता पुरे, थांबू या.’ एकट्या माणसाला हे म्हणणारे कोणी नसते, आणि थकलेल्या डोक्याला आपण थकलो आहोत हे सर्वांत शेवटी कळते. म्हणून थांबण्याचे नियम निघण्यापूर्वीच, घरी, ताज्या डोक्याने ठरवायचे आणि कागदावर लिहून टाकीवर चिकटवायचे. माझे नियम असे आहेत : दर दीड तासाने, गरज वाटो न वाटो, गाडी उभी करून हेल्मेट काढायचे आणि पाणी प्यायचे. दुसरी जांभई आली की पहिल्या सुरक्षित जागी थांबायचे. टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरायची. अंधार पडायच्या एक तास आधी, जिथे असू तिथे मुक्काम शोधायचा. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान झोप अनावर होते, तो वेळ रस्त्यावर न घालवणेच उत्तम. तुमचे नियम वेगळे असू शकतील, पण रस्त्यात त्यांच्याशी वाद घालायचा नाही, एवढे आधीच मान्य करून टाका. परत न मिळणाऱ्या आगाऊ रकमेची खोली घेऊ नका, हे वेगळे सांगायला नको.

भीतीबद्दल तुम्ही ‘घालवायची कशी’ असे विचारता. मी तिचे तुकडे करायला सांगेन. पंक्चरची भीती वाटते? तर घराच्या अंगणात एकदा स्वतः पंक्चर काढून पाहा. तुमच्या चाकात ट्यूब आहे की नाही, हे तेव्हाच नीट कळेल, आणि त्यावर सोबत न्यायचे सामान अवलंबून आहे. आडवी पडलेली गाडी उचलता येईल का, ही शंका असेल, तर कोणाला तरी शेजारी उभे करून आधी रिकामी आणि मग सामानासह उचलून पाहा. पावसाचे भय असेल, तर मुद्दाम पावसात तासभर चालवा. फक्त पाऊस सुरू झाल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटे टाळा, कारण रस्त्यावरचे तेल आणि धूळ तेव्हा वर येऊन निसरडे होते. मग पूर्ण सामान बांधून एक दिवस दीडशे किलोमीटर जाऊन या, आणि त्यानंतर एका मुक्कामाचा दोन दिवसांचा फेरफटका करा. जड सामान खाली आणि गाडीच्या मध्याजवळ ठेवा, कारण शेपटीवर ओझे चढवले की पुढचे चाक हलके पडते आणि वळणावर ते जाणवते. पट्ट्यांची मोकळी टोके बांधून टाका, ती चाकात जाऊ शकतात. एवढे करूनही जी भीती उरेल, ती बहुधा एकटेपणाची असेल, आणि तिला सोबत न्यायला हरकत नाही.

आईला ‘काळजी करू नकोस’ म्हणू नका. त्याने कोणाचीही काळजी कमी झालेली मी पाहिलेली नाही. त्याऐवजी तिला कामाला लावा : रोजचा मार्ग, मुक्कामाचे गाव आणि फोनची वेळ लिहिलेला कागद तिच्या हाती द्या. गाडी चालवताना फोन घेणार नाही, हे सांगा, आणि ठरलेल्या वेळेनंतर किती तास वाट पाहून कोणाला कळवायचे, तेही ठरवून टाका. अनोळखी माणसांना मात्र एकटी आहे आणि अमुक ठिकाणी उतरणार आहे, हे सांगण्याची गरज नाही, मग ती कितीही गोड बोलोत. नवऱ्याच्या त्या सुराचा अर्थ मी इथून लावू शकत नाही. तो त्यालाच विचारा, आणि शक्यतो निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे.

आणि गाडीची दुसरी किल्ली सामानात ठेवू नका. जॅकेटच्या आतल्या खिशात, चेन लावून ठेवा.