वाचकांचे प्रश्न : पकडींनी मोजलेली कारकीर्द

प्रश्न : माझा पुतण्या कॅनडात एडमंटनला असतो. तेथे गेलो असता त्याने मला तेथील व्यावसायिक फुटबॉलचा सामना दाखवला. चेंडू घेऊन धावणाऱ्याचे कौतुक समजले. परंतु शेजारचे वयस्क गृहस्थ विली प्लेस या निवृत्त बचावपटूबद्दलच भरभरून बोलत होते. जो गुण मिळवत नाही, त्याची कारकीर्द मोजायची कशी?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : मोजायची ती पकडींनी. खानदेशात यात्रेच्या दिवसांत रंगणारे कबड्डीचे सामने आपण पाहिले असतीलच. चढाईला आलेल्या गड्याच्या घोट्याला कोपरारक्षकाने हात घातला आणि बाकीच्यांनी त्याला दाबून धरले, की संघाला गुण मिळतो. कॅनडाच्या फुटबॉलमध्ये चेंडूवाल्याला लोळवले तरी फलक हलत नाही; त्याच्याच गोलक्षेत्रात पाडले तर दोन गुण मिळतात, हा अपवाद.

तरीही तेथे पकडीचे मोल मोठे आहे, आणि त्याचे कारण नियमांत आहे. दहा यार्ड पुढे सरकायला अमेरिकेत चार प्रयत्न मिळतात, कॅनडात तीनच. तिसऱ्या प्रयत्नात बहुधा चेंडू लाथेने दूर धाडावा लागतो. म्हणजे पहिले दोन प्रयत्न रोखले की प्रतिस्पर्ध्याची चाल संपलीच. मात्र रोखणे सोपे नाही. मैदान ६५ यार्ड रुंद असते, बचावाच्या फळीला चेंडूपासून एक यार्ड मागे उभे राहावे लागते, आणि झेल घेणाऱ्यांना चेंडू सुटण्यापूर्वीच पुढे धाव घेण्याची मुभा असते. प्लेस खेळत ती लाइनबॅकरची जागा या साऱ्याच्या मधोमध येते. गुडघे वाकवून, भार चवड्यांवर ठेवून तो फळीच्या मागे उभा असतो. चेंडू हलताच धाव येणार की फेक, हे त्याला समोरच्या फळीच्या पहिल्या पावलावरून ताडावे लागते, आणि तेवढ्यात त्याचे स्वतःचे पाऊल चुकीच्या बाजूला पडले तर धावणारा त्याच्या हाताला लागत नाही.

प्लेस मूळचे अमेरिकेतील अलाबामाचे. उंची पाच फूट अकरा इंच, म्हणजे या जागेसाठी तिकडे कमीच मानली जाणारी. १९८६ मध्ये ते टोरांटोकडून खेळू लागले, नंतर ब्रिटिश कोलंबिया, मग आठ हंगाम एडमंटन आणि १९९९ मध्ये सस्कॅचवान. १९९३ चा ग्रे कप, म्हणजे कॅनडातील लीगच्या विजेतेपदाचा चषक, एडमंटनने जिंकला, तेव्हा ते संघात होते. कारकिर्दीत त्यांनी १,२४१ पकडी केल्या, आणि पाच वेळा ते लीगचे सर्वोत्तम बचावपटू ठरले. मला स्वतःला मात्र १४ हंगाम हा आकडा त्याहून मोठा वाटतो, कारण अशा प्रत्येक पकडीचा धक्का पकडणाऱ्याच्या खांद्यालाही तितकाच बसतो.

आपला प्रश्न तेथील लोकांनाही पडला असावा. वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान निव्वळ बचावपटूला प्रथम मिळाला तो २०१४ मध्ये, ब्रिटिश कोलंबियाचे लाइनबॅकर सॉलोमन एलिमिमियन यांना. त्या हंगामात त्यांच्या १४३ पकडी होत्या.

प्रश्न : माझा मुलगा कबड्डीत उत्तम पकड करतो. त्याला या खेळाकडे वळता येईल काय?
— एक पालक, शहादा

उत्तर : आधी त्याला रग्बी खेळू द्यावे. घोटा धरण्याची सवय तेथे पुरी पडत नाही. डोके बाजूला ठेवून, खांदा समोरच्याच्या मांडीला भिडवून, दोन्ही हातांनी कवळ घालायला शिकावे लागते, आणि ते प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकावे.