सन यत्-सेन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: लंडनमध्ये त्यांचं अपहरण झालं होतं, हे खरं की दंतकथा?

खरं आहे. चीनवर राज्य करणारं मांचू घराणं उलथवायला निघालेले हे क्रांतिकारक. ऑक्टोबर 1896 मध्ये तिथल्या चिनी वकिलातीने त्यांना आपल्या इमारतीत बारा दिवस डांबून ठेवलं होतं. जहाजाने गुपचूप चीनला न्यायचं आणि तिथे शिरच्छेद, असा बेत. आदल्याच वर्षी कँटनमधला त्यांचा उठाव फसलेला होता. वकिलातीतल्या कोल नावाच्या इंग्रज नोकराने त्यांची चिठ्ठी हाँगकाँगच्या वैद्यकीय महाविद्यालयातले त्यांचे जुने शिक्षक डॉ. जेम्स कँटली यांच्याकडे पोहोचवली. बातमी वर्तमानपत्रात आली, वकिलातीबाहेर गर्दी जमली आणि ब्रिटिश सरकारने सुटका करायला लावली. त्यांना फसवून आत नेलं की ते स्वतःच आत गेले, यावर मात्र वाद आहे. ते काही असो, तोवर फारसं कुणाला माहीत नसलेला हा तिशीच्या उंबरठ्यावरचा डॉक्टर मांचू दरबारानेच जगप्रसिद्ध करून टाकला!

प्रश्न: इतकी वर्षं झगडून मिळालेलं चिनी प्रजासत्ताकाचं अध्यक्षपद त्यांनी दीड महिन्यात का सोडलं?

कारण हाताशी सैन्य नव्हतं. 10 ऑक्टोबर 1911 रोजी मध्य चीनमधल्या वुचांगला सैनिकांनी मांचू राजवटीविरुद्ध बंड केलं तेव्हा सन अमेरिकेत निधी गोळा करत फिरत होते. बातमी त्यांनी डेन्व्हरमध्ये वर्तमानपत्रात वाचली. 1 जानेवारी 1912 रोजी नानजिंगला त्यांनी शपथ घेतली खरी, पण तिजोरीत खडखडाट होता आणि उत्तरेची कवायती फौज दरबाराचे सेनानी युआन शि-काय यांच्या मुठीत होती. बादशहाला गादीवरून उतरवण्याची ताकदही त्यांच्याकडेच होती. म्हणून सौदा झाला: बादशहाने पद सोडायचं, युआननी प्रजासत्ताक मान्य करायचं, अध्यक्षपद त्यांना.

सननी अटी घातल्या होत्या. राजधानी नानजिंगलाच राहील, शपथ तिथेच होईल. युआननी बीजिंगमध्ये सैनिकांच्या दंगलीचं निमित्त पुढे केलं आणि शपथ तिथेच घेतली. मार्च 1913 मध्ये निवडणूक जिंकलेल्या कुओमिन्तांगचे (सन यांच्या पक्षाचे) नेते सुंग जिआओ-रेन यांच्यावर शांघायच्या स्टेशनवर गोळ्या झाडल्या गेल्या; संशय युआन यांच्यावरच होता. 1915 च्या अखेरीस युआननी स्वतःलाच सम्राट जाहीर केलं. माझ्या मते सन भोळे नव्हते. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग यादवी युद्धाचा होता आणि ते लढायला फौज कुठे होती? 1924 मध्ये सोव्हिएत पैशावर आणि शस्त्रांवर त्यांनी कँटनजवळ व्हांपोआची लष्करी अकादमी काढली, ती हा धडा गिरवूनच. पुढच्याच मार्चमध्ये बीजिंगला कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

प्रश्न: त्यांच्या त्रिसूत्रीतलं ‘लोकांची उपजीविका’ म्हणजे समाजवादच ना?

राष्ट्रवाद आणि लोकशाही यांच्या जोडीचं हे तिसरं सूत्र. त्याला समाजवाद म्हणा हवं तर, पण मार्क्सचा नव्हे. वर्गसंघर्ष त्यांना पटला नव्हता. प्रभाव होता अमेरिकन अर्थतज्ज्ञ हेन्री जॉर्ज यांचा. जमिनीबद्दलची त्यांची युक्ती मला फार आवडते. जमिनीची किंमत मालकानेच सांगायची. सरकार त्या किमतीवर कर घेईल किंवा त्याच किमतीला जमीन विकत घेईल. कमी सांगितली तर जमीन स्वस्तात जाण्याची धास्ती, जास्त सांगितली तर कर जास्त! पुढे शहर वाढलं, रेल्वे आली म्हणून भाव चढला, तर ती वाढ समाजाची.

प्रश्न: तैवान आणि चीन, दोघांनाही ते आपले कसे वाटतात?

तैवानात ते राष्ट्रपिता, चीनमध्ये क्रांतीचे अग्रदूत. शेवटच्या वर्षांत त्यांनी कम्युनिस्टांना पक्षात घेतलं होतं, खुद्द माओही त्यात होते. बीजिंगला ते आठवतं. वर्गसंघर्षावरची टीका तेवढी आठवत नाही. पत्नी सुंग चिंग-लिंग नव्या चीनच्या राज्यकारभारात बसल्या, तर त्यांची धाकटी बहीण मेई-लिंग पती चँग कै-शेक (सन यांच्यानंतरचे कुओमिन्तांगचे नेते, कम्युनिस्टांकडून हरलेले) यांच्याबरोबर तैवानात. वारशाची वाटणी अशी घरातच झाली.

प्रश्न (सोलापूरहून): डॉ. कोटणीस त्यांना भेटले होते का?

नाही. कोटणीस चीनला गेले 1938 मध्ये. सनना जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती.