गाभण आहे की नाही? आधी तारीख लिही

भावा, गाय भरवलीस ना, म्हणजे वळू दाखवलास किंवा कृत्रिम रेतन केलंस, मग पहिलं काम म्हणजे कॅलेंडरवर त्या तारखेला खूण कर. तिथून १८व्या ते २४व्या दिवसापर्यंत पहाटे आणि रात्री गोठ्यात दहा-पंधरा मिनिटं नुसता उभा राहा. हंबरणं, दुसरीवर चढणं, शेपटीखाली काचेसारखा तार धरणारा सोट (चिकट स्राव), यातलं काही दिसलं तर समज, ती उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर (भरवायच्या तयारीत) आली.

दिसलं नाही म्हणून मात्र गाभण धरू नकोस. म्हशीचा माज मुका असतो, उन्हाळ्यात तर हमखास चुकतो. माझी एक म्हैस मी चार महिने गाभण म्हणून सांभाळली, खुराकही वाढवला. डॉक्टरांनी हात घालून तपासलं, तर गर्भपिशवी रिकामी! तेव्हापासून ६० दिवस झाले की तपासणी ठरलेली. सोनोग्राफीत २८-३० दिवसांतही कळतं, पण मशीन सगळीकडे कुठलं? स्वतः हात घालायच्या भानगडीत पडू नकोस.

आणि हो, क्वचित गाभण गायही माज दाखवते. अशा वेळी न तपासता पुन्हा रेतन केलंस, तर आतला गर्भ जाऊ शकतो.