जुळवलेलं फील्डबुक

प्रश्न : ताई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खासगी कॉलेजातून २०२२ साली सिव्हिल केलं. दोन केट्या लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले, कॅम्पसला एकच कंपनी आली. एक वर्ष होस्टेलचा मेस सेक्रेटरी होतो, तेव्हाच अभ्यासाचं वाटोळं झालं. आता पुण्यात साइटवर आहे. वर्गातले निम्मे आयटीत गेले. विश्वेश्वरय्यांसारखे पुण्याच्या कॉलेजात पहिले येणारेच पुढे जातात. आमची चार वर्षं पाण्यात गेली का? – एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : आधी विश्वेश्वरय्यांचं बघू. १८८३ साली ते पुण्याहून एल.सी.ई.ला, म्हणजे तेव्हाच्या सिव्हिलच्या परीक्षेला, पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले, नाशिकला. पहिलं दार नंबरानं उघडलं, हे खरंच. आजही मोठ्या कॉलेजच्या मुलांना ते लवकर उघडतं, शिवाय सीनियरांचे फोन नंबर खिशात असतात. उगाच तुमची समजूत काढायला मी ते नाकारणार नाही. पण खडकवासला धरणाला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले १९०३ मध्ये. मधली वीस वर्षं नाशिक, धुळे, सक्कर, पुणे अशी पाण्यामागे फिरण्यात गेली. एवढ्या काळानंतर नंबर कोण विचारतो? तुमच्या केट्याही दुसऱ्या नोकरीला कोणी विचारणार नाही.

आता माझं सांगते. मी १९८५ च्या बॅचची. साठ जणांच्या वर्गात आम्ही दोघी. सर्व्हे कॅम्पला मुलं लेव्हलला, म्हणजे उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीला, डोळा लावायची, स्टाफ म्हणजे आकड्यांची उंच पट्टी धरायची, आणि आमच्या हातात रीडिंग लिहायचं फील्डबुक आणि छत्री. ‘तुमचं अक्षर चांगलं आहे ना!’ बेंचमार्कपासून, म्हणजे उंची आधीच ठरलेल्या खुणेपासून, निघून दोनेक किलोमीटरचा फेरा मारून परत बेंचमार्कला यायचं. परत आलो तर ८५ मिलिमीटरचा फरक. चालतो फार तर ३५. ऊन डोक्यावर, चहाची वेळ टळलेली. मुलं म्हणाली, जुळवून टाक. मी त्यातले ८२ मिलिमीटर पाच रीडिंगमध्ये वाटून दिले. राइज-फॉलची, म्हणजे चढ-उताराची, बेरीजही बसवली. अक्षर चांगलं होतंच.

सरांनी मधली पानं पाहिलीच नाहीत, थेट शेवटचं उघडलं. फरक ३ मिलिमीटर. ‘चौथ्या दिवशी, या उन्हात, या स्टाफवाल्यासकट तीन?’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळा फेरा पुन्हा. दुपारी उमगलं की चढावर एका जागी स्टाफचा वरचा टप्पा पुरता चढून अडकलाच नव्हता, खाली घसरला होता. खरी रीडिंग मी तशीच ठेवली असती तर चूक कुठे आहे ते दिसलं तरी असतं. जुळवल्यावर ती पाच ठिकाणी पसरली.

बारा वर्षांनी एका कालव्याच्या कामावर ठेकेदाराची लेव्हलची शीट्स टेबलावर आली. प्रत्येक फेरा शून्यावर बंद! एकही खाडाखोड नाही. माझ्या पोटात गोळाच आला, कारण असलं सुंदर काम मी स्वतः केलेलं होतं. कालव्याचा उतार ५००० ला १, म्हणजे किलोमीटरला अवघे २० सेंटिमीटर. पुन्हा लेव्हल घेतल्या तर एका टप्प्यात तळ ११ सेंटिमीटर वर निघाला. एका किलोमीटरचा अर्ध्याहून जास्त उतार तिथंच खाल्लेला. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यानं पाण्याची वाटच बघत बसायची. तळ खोदून घेतला. हे मला एकाही पेपरात विचारलं गेलं नव्हतं.

कॉलेजातली उलटी शिदोरीही असते. ड्रॉइंगच्या शीट मी सर्रास जीटी मारल्या. काच, खाली बल्ब, वर मैत्रिणीची शीट, आणि रात्रीत काम फत्ते. मग पहिल्या साइटवर फिटरनं विचारलं, ‘बाई, ही सळई कुठल्या अंगाला वळवायची?’ ड्रॉइंग माझ्याच हातात होतं, तरी मला सांगता येईना. शेवटी त्यानंच मला वाचून दाखवलं. ती जीटी मी पुढे दोन वर्षं फेडली, रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसून.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मेसचं वर्ष तुम्ही तक्रारीत घातलंय. अहो, शंभर पोरांची डाळ किती लागते, गव्हाचा दर कधी चढतो, वाया किती जातं, आचारी रुसला तर काय करायचं, महिनाअखेर हिशेब का बसत नाही, हे सगळं तुम्ही विसाव्या वर्षी केलंत. साइटवर सिमेंट, सळई आणि मुकादम घेऊन दुसरं काय असतं? बायोडेटात ते वर लिहा, आकड्यांसकट. आणि केटी ज्या विषयात लागली तो स्ट्रक्चर्सचा असेल तर तेवढं पुस्तक पुन्हा काढा, नोकरीसाठी नाही, स्लॅबखाली उभं राहायचंय म्हणून.

प्रश्न : आता टोटल स्टेशन आहे, म्हणजे अंतर, कोन, उंची सगळं मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, तरी कॅम्पला जुन्या लेव्हलवर घाम का गाळायला लावतात? – एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : बेंचमार्कची किंमतच तुम्ही चुकीची भरली तर टोटल स्टेशन तीच चूक मिलिमीटरपर्यंत अचूक पुढे नेईल. लेव्हलवर चूक कशी होते ते तुमच्या हाताखाली घडताना दिसतं. कॅम्पला जाताना कापडी टोपी न्या, आणि पहिल्याच दिवशी सांगून टाका की फील्डबुक आळीपाळीनं लिहायचं.