वाचकांचे प्रश्न : जॉन्सन विरुद्ध जोन्स, ही जोड लागेल का?

प्रश्न : डिमिट्रियस जॉन्सन आणि जॉन जोन्स यांची एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी) लढत लावली तर कोण जिंकेल? यावरून आमच्या मित्रांमध्ये दोन तट पडलेत. (सांगली)

उत्तर : जोन्स. पण "तो मोठा आहे" एवढ्यावर विषय सोडला, तर पुढच्या काल्पनिक लढतीला तुम्ही पुन्हा तिथेच अडकाल. म्हणून जरा फोड करून पाहू.

आधी अटी पक्क्या करा. दोघंही ऐन भरातले, नियम यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या कंपनीचे, पाच मिनिटांचे पाच राउंड, तयारीला दोघांनाही पुरेसे आठवडे. जॉन्सन ५६.७ किलोच्या फ्लायवेट गटातला. तो पट्टा त्याने सलग ११ वेळा राखला. जोन्सने मार्च २०२३ मध्ये सिरिल गानला हरवून हेवीवेटचा पट्टा घेतला, तेव्हा त्याचं वजन २४८ पौंड, म्हणजे ११२.५ किलो भरलं होतं. जवळजवळ बरोबर दुप्पट.

वजन दुप्पट झालं म्हणून ताकद दुप्पट होत नाही. ताकद स्नायूच्या आडव्या छेदावर ठरते, त्यामुळे सारख्याच बांध्याचा माणूस दुप्पट वजनाचा झाला तर ताकद साधारण १.६ पट होते. म्हणजे किलोमागे जॉन्सनच सरस, आणि त्याच्या बाजूने भांडणाऱ्या तुमच्या मित्रांचं एवढं म्हणणं खरं आहे. पण केजमध्ये (जाळीच्या रिंगणात) समोरच्याचं अख्खं वजन पेलावं लागतं. जोन्सला जॉन्सन उचलायचा तर स्वतःच्या निम्मं ओझं. जॉन्सनला जोन्स उचलायचा तर स्वतःच्या दुप्पट.

ऑक्टोबर २०१७ मध्ये जॉन्सनने रे बोर्गला हरवलं तो डाव आठवा. पाचवा राउंड. मागून कमरेला मिठी, बोर्ग वर उचलला, आणि तो खाली आदळायच्या आत जॉन्सनने मिठी सोडून त्याचा हात पकडला. जमिनीवर येईपर्यंत आर्मबार (कोपर उलटं ताणणारी पकड) लागलेला. एमएमएत याहून देखणा डाव क्वचितच झाला असेल. पण त्याची पहिली पायरीच उचलण्याची आहे. जोन्सपुढे ती पायरी उरत नाही.

आता पल्ला. जोन्सचा ८४.५ इंच, जॉन्सनचा ६६. फरक सुमारे ४७ सेंटिमीटर. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. हा आकडा दोन्ही हात पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजतात आणि त्यात खांद्यांची रुंदीही येते. एका ठोशामागे फायदा निम्म्याहून कमी, २० सेंटिमीटरच्या आसपास. तोही फार आहे, शिवाय जोन्सची गुडघ्यावरची सरळ लाथ त्याहून लांब जाते. म्हणून जॉन्सनला जागा हवी. यूएफसीचा मोठा केज ३० फुटांचा, लहान २५ फुटांचा. ऐकायला पाचच फूट, पण क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी घटतं. लहान केजमध्ये ही लढत दुसऱ्या राउंडपर्यंत टिकणार नाही. मोठ्यात जॉन्सन पहिले एक-दोन राउंड फिरत काढू शकेल. पाठ एकदा जाळीला लागली आणि क्लिंच (उभ्याने अंगाला भिडून पकड) झाला, की मानेवर येणारं ओझं पायांतली हवा काढून घेतं.

प्रश्न : वजन गटाच्या आकड्यावरून धरायचं की प्रत्यक्षातलं? (पुणे)

उत्तर : प्रत्यक्षातलं, आणि तेही लढतीच्या रात्रीचं. वजन करतात आदल्या दिवशी. पाणी आणि मीठ तोडून, घाम काढून उतरवलेले किलो चोवीस तासांत बरेचसे परत येतात. हा प्रकार इतका वाढला की कॅलिफोर्नियाचा क्रीडा आयोग लढतीच्या दिवशी पुन्हा वजन करतो आणि वाढ १० टक्क्यांपेक्षा जास्त दिसली तर वरच्या गटात जायला सांगतो.

गटांच्या नावांवरही जाऊ नका. यूएफसीत फ्लायवेट म्हणजे ५६.७ किलो, वन चॅम्पियनशिप या दुसऱ्या कंपनीत ६१.२. तिथे डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियानबिंग हा खेळाडू वजन उतरवताना मरण पावला. त्यानंतर शरीरातल्या पाण्याची चाचणी आली, गट वर सरकले.

दोन खऱ्या लढती शेजारी ठेवून बघा. जुलै २०१८ मध्ये लाइट हेवीवेटचा विजेता डॅनियल कॉर्मिये हेवीवेटच्या स्टिपे मिओचिचवर चढून गेला आणि पहिल्याच राउंडमध्ये त्याने त्याला झोपवलं. लोक म्हणाले, लहान्याने मोठ्याला पाडलं. काट्यावर कॉर्मिये २४६ पौंड होता, मिओचिच २४२.५! उलट मार्च २०२१ मध्ये इस्राएल अदेसान्या मिडलवेटमधून वर आला, लाइट हेवीवेटचा विजेता यान ब्लाखोविचपुढे सुमारे २०० पौंडांवर उभा राहिला, वजन मुद्दाम वाढवलं नाही. पहिले तीन राउंड उभ्याने चुरशीचे झाले. चौथ्या-पाचव्यात ब्लाखोविचने त्याला खाली घेतलं आणि वर बसून राहिला. अदेसान्याला उठताच येईना. उभ्याच्या मारामारीत झाकला गेलेला वजनाचा फरक वरून दाबताना आणि उशिराच्या राउंडमध्ये उघडा पडतो. कागदावर लढत मांडताना याच दोन जागा आधी तपासा.

आणि फरक किलोत नको, टक्क्यांत काढा. फेदरवेट ते लाइटवेट सुमारे ७ टक्के, मिडल ते लाइट हेवी ११, पण लाइट हेवीची मर्यादा ९३ आणि हेवीची १२०.२, म्हणजे थेट २९ टक्के. "एक गट वर" हे शब्द सगळीकडे सारखे नसतात.

प्रश्न : मग पहिल्या यूएफसीत वजनाने हलका हॉइस ग्रेसी कसा जिंकला? (नागपूर)

उत्तर : नोव्हेंबर १९९३ मध्ये डेन्व्हरला समोरच्यांना जमिनीवरचे चोक (गळा आवळण्याचे डाव) जवळपास ठाऊकच नव्हते. ज्ञानातली तफावत वजनापेक्षा मोठी होती. डिसेंबर १९९४ मध्ये ८० किलोच्या आसपासच्या ग्रेसीने ११० किलोंवरच्या डॅन सेव्हर्नला खालून पायांच्या त्रिकोणी चोकमध्ये धरलं, ते १५ मिनिटं ४९ सेकंदांनी. सेव्हर्न जवळजवळ सगळा वेळ वर होता. आजची तीन राउंडची लढत १५ मिनिटांत संपते. तेव्हा वेळेची मर्यादा नव्हती म्हणून तो चोक लागला; आजच्या नियमांत त्याआधीच गुणांचा निकाल झाला असता, आणि बहुधा सेव्हर्नच्या बाजूने. त्या विजयाची थोरवी याने कमी होत नाही, पण आजच्या लढतीला तो दाखला लावता येत नाही.

प्रश्न : आपल्याकडे खुल्या गटात हलका मल्ल जड मल्लाला पाडतोच की. एमएमएत का नाही? (कोल्हापूर)

उत्तर : महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोंचा, तेव्हा निरीक्षण बरोबर आहे. पण कुस्तीत पाठ लागली की निकाल. हलक्या मल्लाला एकच क्षण साधायचा असतो; जड गडी पुढे झुकला की त्याचंच वजन त्याच्यावर उलटवता येतं. एमएमएत चितपट झालेला माणूस खालून लढतच राहतो. त्याला तिथे धरून ठेवावं लागतं, आणि तिथे किलो बोलतात. चोकला ताकद कमी लागते हे खरं, पण आखूड हात जाड मानेभोवती पुरा फिरत नाही, ही अडचण राहतेच.

प्रश्न : माझं वजन ६२ किलो. जिममध्ये ८५ किलोच्या मित्राबरोबर सराव केला तर चालेल? (ठाणे)

उत्तर : चालेल, प्रशिक्षक समोर असेल तर. जमिनीवरचा सराव दोघांनीही गुडघ्यांवरून सुरू करा. उभ्याने पाडापाडी नको. सगळ्यात वाईट दुखापत मारामुळे होत नाही. जड माणूस तोल जाऊन तुमच्या रोवलेल्या पायावर बाजूने पडतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटतो. म्हणून त्याने तुम्हाला ओढत स्वतः मागे पडायचं नाही, आणि तुम्ही उडी मारून त्याच्या कमरेला पाय घालायचे नाहीत. पोटावर गुडघा देऊन बसणं बंद ठेवा. बरगडीच्या कूर्चेला मार लागला तर आठवडेच्या आठवडे शिंकतानाही कळ येते. ठोशांच्या सरावात त्याने हात नुसता टेकवायचा, तुम्ही थोडा जोर लावला तरी चालेल. तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड पुरेत. दम गेला की मान सैल पडते, त्याआधीच थांबा, आणि टॅप (हार मानल्याची थाप) चोक आवळायची वाट न बघता, पकड बसली की लगेच द्या.