आरपीसाठी डोळ्याला करंट देण्याची थेरपी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, कळव्याला राहतो, त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणजे आरपी आहे, डोळ्याचा पडदा हळूहळू खराब करत नेणारा आनुवंशिक आजार. घोडबंदर रोडवरच्या एका सेंटरने डोळ्याला सौम्य करंट देऊन 'नजर परत आणू' असं सांगितलंय. १० सिटिंगचं पॅकेज, पैसे आधी. आई एफडी मोडायला निघाल्यात. घ्यावं का, आणि झटका लागतो का?

मी ठाण्यात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारी, आहे. आमच्याकडे फील्ड टेस्टची, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते तपासण्याची, खोली मीच सांभाळते, त्यामुळे आरपीचे पेशंट माझ्या रोजच्या ओळखीचे. आज तरी पैसे भरू नका, असंच मी म्हणेन. मात्र हे सगळं थोतांड आहे असंही म्हणणार नाही.

डोळ्याला वीज दिली की उजेड दिसतो हे १७५५ पासून माहीत आहे. ल रॉय नावाच्या फ्रेंच डॉक्टराने एका आंधळ्या माणसाच्या डोक्याला तारा गुंडाळून वीज सोडली होती. त्याला ज्वाळा दिसल्या. नजर काही आली नाही. आताचं संशोधन त्याच्या कितीतरी पुढचं आहे. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात मोरिमोतो आणि फुजिकादो यांच्या गटाने, ज्यांचा पडदा जन्मजात खराब होत जातो अशा उंदरांच्या डोळ्यांना बुबुळावरून करंट दिला, तेव्हा पडद्यातल्या उजेड टिपणाऱ्या पेशी जास्त काळ टिकल्या. करंटमुळे पडद्यातल्या आधार देणाऱ्या पेशी पोषक प्रथिनं जास्त सोडतात, असं त्यामागचं स्पष्टीकरण आहे. म्हणजे आशा आहे ती उरलेल्या पेशी टिकवण्याची. गेलेल्या पेशी परत आणण्याचं बोलणं तिथे कुठेच नाही, आणि सेंटरवाले तर नेमकं तेच बोलतायत.

माणसांवरचं मुख्य काम जर्मनीत ट्यूबिंगेनला झालं. २०११ साली २४ पेशंट, आठवड्यातून एकदा अर्धा तास, ६ आठवडे. ज्यांना जास्त करंट दिला त्यांचं फील्ड वाढलेलं दिसलं. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात ५२ पेशंट होते आणि उपचार वर्षभर चालला. या वेळी फील्डमधला फरक ठामपणे सांगता येईल इतका भरला नाही; पडद्याचा विद्युत आलेख, ज्याला ईआरजी म्हणतात, त्यात मात्र काही सुधारणा दिसली. ओकुस्टिम नावाचं त्यांचं मशीन युरोपात मान्यता घेऊन विकलं जातं आणि तिथेही दर आठवड्याला उपचार चालू ठेवायचा असतो. मग १० सिटिंगनंतर काय, हे त्या सेंटरला जरूर विचारा.

आता अशी सेंटरं 'आमच्या पेशंटना फरक पडला' असं सांगतात, त्याबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे रोज माझ्या डोळ्यांसमोर घडतं.

फील्ड टेस्टमध्ये हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, मधल्या दिव्याकडे बघत बसायचं. आजूबाजूला बारीक ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. आरपीवाल्याच्या कडा गेलेल्या असतात, त्यामुळे बराच वेळ त्याला काहीच दिसत नाही. मग हमखास विचारतात, "ताई, मशीन बंद पडलं का?" पहिल्यांदा आलेला माणूस घाबरून उशिरा बटण दाबतो, नाहीतर ठिपका शोधायला डोळे फिरवतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्याला खेळ कळलेला असतो आणि फील्ड आपोआप सुधारतं. डोळा तोच, पडदा तोच! गर्दीच्या लोकलमधून लोंबकळत येऊन संध्याकाळी दिलेली टेस्ट आणि सकाळी निवांत दिलेली टेस्ट यांतही फरक पडतो. म्हणून नीट अभ्यासात एका गटाला सगळं तसंच लावतात, फक्त करंट सोडत नाहीत, आणि पेशंटला ते कळू देत नाहीत. त्या गटाशी तुलना केल्याशिवाय 'फरक पडला' या वाक्याला काही वजन नाही.

त्याहून वाईट म्हणजे, बरेच जण फील्ड बघतच नाहीत, भिंतीवरचा चार्ट वाचून घेतात. आरपीत आधी जाते ती रात्रीची आणि कडेची नजर. मधली बराच काळ शाबूत राहते. ६/९ वाचणारा मुलगा संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाच्या जिन्यावर पायरी चुकतो, तो यामुळेच. मधल्या नजरेची एक ओळ जास्त वाचली म्हणून आरपी मागे हटला, असं कसं म्हणणार? अक्षरं पाठ होतात हे तर सोडूनच द्या.

तेव्हा सेंटरला विचारा: मशीन कुठलं, किती करंट, आधी आणि नंतर फील्ड आणि ईआरजी कोण काढणार, त्याचे प्रिंटआउट हातात देणार का. संशोधन चालू आहे असं म्हणाले तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा. आणि आरपी, काचबिंदू, वयोमानाने झिजलेला पडदा, सगळ्यांवर तेच मशीन आणि तेच पॅकेज असेल तर मी तिथून उठून येईन. काचबिंदूत नस जाते, आरपीत पडदा जातो. दुखणं एक नाहीच.

ती एफडी वाचली तर आधी रेटिनाच्या डॉक्टरांकडे ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, करून घ्या. आरपीत पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते आणि तिच्यावर थेंब-गोळ्यांचा उपाय आहे. मोतीबिंदूही लवकर होतो, त्याचं ऑपरेशन होतं. नजर खरोखर थोडी परत येण्याची शक्यता असेल तर ती इथे, आणि याची जाहिरात कोणी करत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे जनुकीय चाचणी. आई-वडिलांचं आते-मामे नात्यात लग्न असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेली जनुकीय उपचारपद्धती फक्त आरपीई६५ या एका जनुकातल्या दोषावर चालते. किंमत आवाक्याबाहेरची आहे, पण पुढे दुसऱ्या जनुकांवर काही आलं तर आपला दोष कुठला हे माहीत असलेलं बरं.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही बघा. चार्ट वाचतो म्हणून मिळणार नाही, असं बऱ्याच घरांत धरून चालतात. २०१६ च्या कायद्यात फील्ड ४० अंशांपेक्षा कमी असेल तर ते अल्पदृष्टीत धरलं जातं आणि १० अंशांच्या आत गेलं तर अंधत्वात. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. जाताना फील्डचे जुने प्रिंटआउट न्या.

झटक्याचं म्हणाल तर, जर्मन मशीनमध्ये केसासारखा बारीक धागा खालच्या पापणीच्या कडेने डोळ्याला टेकवतात. करंट इतका कमी असतो की झटका लागत नाही, नजरेच्या कडेला उजेड लुकलुकल्यासारखा दिसतो. डोळे कोरडे पडण्याची तक्रार मात्र बऱ्याच जणांनी केलीय. घोडबंदरच्या सेंटरमध्ये डोळ्याला नेमकं काय लावतात, ते भावाला एकदा बघून यायला सांगा. नुसतं बघून.